कोआलाच्या डीएनएत व्हायरस शिरतोय, तोही आत्ता

प्रश्न : माणसाच्या डीएनएचा जवळपास ८ टक्के भाग जुन्या व्हायरसचा आहे असं वाचलं. जंगलातल्या प्राण्यांमध्येही असं असतं का? आणि व्हायरस तिथे जाऊन बसतोच कसा?
– बारावी सायन्सची एक वाचक

उत्तर : असतं तर! वटवाघूळ, हरीण, वाघ, सगळ्यांच्यात असतं. रेट्रोव्हायरस म्हणून जो प्रकार आहे ना, एचआयव्ही त्यातलाच, तो पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो तुकडा थेट पेशीच्या डीएनएत घुसवतो. रक्ताच्या पेशीत हे झालं तर तो प्राणी मेला की विषय संपला, पण हेच अंडपेशीत किंवा शुक्राणूत झालं आणि त्यातून पिल्लू जन्मलं तर त्याच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत तो तुकडा जन्मापासूनच, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या वारसा चालू.

आपल्यातले बहुतेक तुकडे लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, मोडकेतोडके. पण ऑस्ट्रेलियातल्या कोआलात हे आपल्या डोळ्यांदेखत चाललंय, २००६ मध्ये तिथल्याच संशोधकांनी ते दाखवून दिलं. उत्तरेला क्वीन्सलँडमध्ये जवळजवळ प्रत्येक कोआलाच्या डीएनएत असा एक रेट्रोव्हायरस आहे आणि खाली दक्षिणेकडे गेलं की असे कित्येक कोआला भेटतात ज्यांच्यात तो वारशाने आलेलाच नाही. एकाच जातीचा प्राणी, अर्ध्यांच्यात आहे, अर्ध्यांच्यात नाही, असं मध्येच पकडलेलं दृश्य फार क्वचित बघायला मिळतं! म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या जुन्या कोआलांच्या कातडीचे बारीक तुकडे घेऊन तपासले, तर १९व्या शतकाच्या शेवटच्या कातड्यांतही तो सापडला, म्हणजे अगदी कालपरवाचा नाही, पण उत्क्रांतीच्या हिशोबात ताजाच.

आणि तो गप्प बसलेला नाही हे वाईट. ब्लड कॅन्सरशी त्याचा संबंध आहे, आणि क्लॅमिडिया या जिवाणूच्या संसर्गाने आधीच आंधळे आणि वांझ होणाऱ्या या प्राण्यांची प्रतिकारशक्तीही तो कमी करतो असा संशय आहे. मात्र शरीरही हात बांधून बसलेलं नाही. २०१९ मध्ये कोआलाच्या वृषणातल्या पेशी तपासल्या तेव्हा दिसलं की एरवी जनुकावरून आरएनए तयार होताना त्यातले जे भाग कापून टाकले जातात ते व्हायरसच्या आरएनएत न कापता तसेच राहतात आणि त्यावरून पेशी त्याला ओळखून त्याचे छोटे छोटे तुकडे करते.

तरी पूर्ण बंदोबस्त व्हायला बऱ्याच पिढ्या लागतात, आणि तेवढा वेळ कोआलाकडे आहे का याचीच मला काळजी वाटते, कारण जंगलतोड, वणवे, रस्त्यावरच्या गाड्या हे सगळं सोबत आहेच. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधला कोआला फेब्रुवारी २०२२ पासून सरकारी यादीत 'धोक्यात असलेला' आहे.