हॉइस्टवर, म्हणजे बांधकामावरच्या माणसं-माल नेणाऱ्या लिफ्टवर, नवीन लागलास? मग हे ऐक

सकाळची पहिली फेरी रिकामी मार. त्याआधी तळालाच दार उघडं ठेवून बटण दाबून बघ. पिंजरा हलला तर इंटरलॉक (दार उघडं असताना पिंजरा हलू न देणारा स्विच) बिघडलाय, नाहीतर कोणीतरी तार मारून बायपास केलाय. मशीन तिथेच बंद कर आणि मेकॅनिक येईपर्यंत चावी खिशात ठेव. सुपरवायझर ओरडला तर ओरडू दे, आत माणसं बसणार आहेत.

लोडची पाटी नीट वाच. दोन टन म्हणजे माणसं आणि माल मिळून दोन टन. सिमेंटची गोणी 50 किलोची, म्हणजे 40 गोण्यांतच पाटी भरली. वर एक बिगारी चढला की ओव्हरलोड. ओल्या वाळूचं वजन तर नजरेला कळतच नाही, तिथे हात आखडता घे. माल एका कोपऱ्यात रचू देऊ नकोस. लांब पाइप दाराबाहेर काढून न्यायचा हट्ट बरेच जण धरतात, सरळ नाही म्हण.

मजल्यावर पिंजरा तूच थांबवायचा, वरच्या लिमिट स्विचच्या (पिंजरा शेवटाला पोचला की आपोआप थांबवणाऱ्या स्विचच्या) भरवशावर राहू नकोस. पावसाळ्यात वारा सुटला की लोंबती केबल मास्टला (पिंजरा ज्यावरून चढतो त्या उभ्या खांबाला) अडकते, खाली येताना तिच्यावर डोळा ठेव. ड्रॉप टेस्ट, म्हणजे पिंजरा मुद्दाम खाली सोडून सेफ्टी ब्रेक पकडतो का ते बघणं, साधारण तीन महिन्यांनी व्हायला हवी. लॉगबुकात शेवटची तारीख आजच बघून घे.