निनावी संदेश पाठवणाऱ्याचे नाव पैसे भरून कळेल का?

ताई, आपल्या नववीतल्या मुलीने मैत्रिणींचे पाहून इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर निनावी प्रश्न मागवणारी लिंक लावली आणि तेव्हापासून तिच्या रंगावरून, अंगावरून आणि चारित्र्यावरून घाणेरडे संदेश येत आहेत. वडिलांनी फोन काढून घेतला आहे. आता पैसे भरून नाव काढावे, पोलिसांत जावे की शाळाच बदलावी, असा आपला प्रश्न आहे.

पैसे भरू नका. एनजीएल नावाच्या अमेरिकी ॲपने पाठवणारा कोण हे कळेल असे भासवून आठवड्याला ९.९९ डॉलरपर्यंत शुल्क घेतले, पण प्रत्यक्षात संदेश किती वाजता आला, समोरचा फोन आयफोन होता की अँड्रॉइड, असले इशारेच ग्राहकाच्या हाती ठेवले. शिवाय मुलांना आलेले काही संदेश कोणा माणसाने पाठवलेलेच नव्हते, ते कंपनीनेच तयार करून धाडले होते, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतल्या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने केला. जुलै २०२४ मध्ये त्या प्रकरणाच्या तडजोडीत कंपनीने ५० लाख डॉलर भरण्याचे आणि १८ वर्षांखालील मुलांना हे ॲप न देण्याचे मान्य केले. आपल्या मुलीचे ॲप दुसरे असले, तरी ज्या कंपनीची कमाईच मुलांच्या उत्सुकतेवर चालते, तिच्याकडे नाव विचारायला जाण्यात अर्थ नाही.

निनावीपणा हा फक्त संदेश मिळणाऱ्यापुरता असतो. ॲप चालवणाऱ्या कंपनीकडे साधारणपणे पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक), वेळ आणि उपकरणाची माहिती असते, आणि ती कायदेशीर मार्गाने पोलीस मागू शकतात. म्हणून रागाच्या भरात ॲप आणि खाते उडवून टाकण्याआधी पुरावा जपा. प्रत्येक संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या, संदेशपेटी उघडण्यापासून शेवटपर्यंतचे स्क्रीन रेकॉर्डिंग करा, मुलीच्या लिंकचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ कागदावर उतरवा, आणि मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. एवढे झाले की स्टोरीतून आणि बायोमधून लिंक काढा. अशा ॲपवर संदेश बहुधा त्या लिंकवरूनच येतात, त्यामुळे त्रासाचा मोठा भाग त्याच दिवशी थांबू शकतो.

पाठवणारा कोण, याचा तपास घरी बसून करण्याचा मोह मात्र आवरावा. पुण्यातल्या शाळकरी मुलांबरोबर काम करताना मला बहुतेक वेळा असे दिसले आहे की संदेश दूरच्या अनोळखी माणसाचे नसतात. ते त्याच वर्गातून, त्याच क्लासच्या बॅचमधून किंवा सोसायटीतल्या मुलांच्या ग्रुपमधून आलेले असतात. ज्या संदेशांत जवळच्यांनाच ठाऊक असलेले टोपणनाव किंवा सहलीतला प्रसंग येतो, ते वाचून आपल्याला नाव कळले असे वाटू लागते, आणि इथेच घात होतो, कारण तो प्रसंग चाळीस मुलांनी पाहिलेला असतो. मग एखाद्या मैत्रिणीच्या आईला फोन जातो, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण माजते, आणि मुलीला वर्गात तोंड दाखवणे पूर्वीपेक्षाही कठीण होते. त्याऐवजी मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, त्यावर पोच घ्या, आणि कोणाचेही नाव न घेता वर्गशिक्षकांनी व समुपदेशकांनी संपूर्ण वर्गाशी बोलावे अशी मागणी करा. पाठवणाऱ्याला आपण उघडे पडू शकतो हे कळले की बरेचदा तेवढ्यानेच संदेश थांबतात. (महाविद्यालयांच्या नावाने चालणाऱ्या इन्स्टाग्रामवरच्या कन्फेशन पानांची गोष्ट वेगळी आहे. तिथे मजकूर निवडून टाकणारा ॲडमिन असतो, आणि टाकलेल्या मजकुराचा जाब त्याला विचारता येतो.)

पोलिसांत कधी जावे? मारण्याची किंवा बदनामीची धमकी, लैंगिक मजकूर, मुलीचा खरा किंवा बनावट नग्न फोटो, अथवा सतत पाठलाग, यांपैकी काहीही असेल तर लगेच. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले आहे, तरी अजून काही जण त्याचाच आधार सांगतात. आज लागू पडतात ती कलमे म्हणजे मुलांच्या अश्लील चित्रणासाठी त्याच कायद्याचे ६७ब, लैंगिक छळासाठी पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा), आणि भारतीय न्याय संहितेचे ३५१(४), ज्यात ओळख लपवून दिलेल्या धमकीला दोन वर्षांपर्यंत जादा कैद सांगितली आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर महिला व बालकांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण तिचा पुढे माग काढता येत नाही, म्हणून शक्य असल्यास नाव देऊनच करा. १९३० हा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. आपण चिंचवड किंवा वाकडच्या बाजूला राहत असाल, तर २०१८ पासून तिथले पोलीस आयुक्तालय पुण्याहून वेगळे आहे. पण हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची नोंद नाकारता येत नाही. फोटोचे प्रकरण असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. तिच्यात फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा सहभागी संकेतस्थळांना मिळतो.

पाठवणारा अल्पवयीन निघाला, तर प्रकरण येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढे जाऊ शकते, हे तक्रार करताना ध्यानात असू द्या. त्या कारणाने तक्रार थांबवू नका, पण शाळेच्या पातळीवर मिटणारी टिंगल आणि खरा गुन्हा यांत फरक करा.

फोन काढून घेण्याबद्दल मला वडिलांशी स्पष्टपणे असहमत व्हावे लागते. त्रास झाल्यावर मुले घरी का सांगत नाहीत, याचे मी ऐकलेले सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ‘फोन जाईल’. आपल्या मुलीने सांगितले, आणि तिला शिक्षा झाली. पुढच्या वेळी ती सांगेल का? फोन परत द्या, खाते खाजगी करा, इन्स्टाग्रामच्या लपवायच्या शब्दांच्या यादीत मराठी शिव्या रोमन लिपीतही तिच्याबरोबर बसून भरा, आणि संदेश तिने एकटीने पुन्हा पुन्हा वाचू नयेत एवढे ठरवा.

शाळा बदलण्याचा निर्णय सध्या घेऊ नका, कारण लिंक आणि मुलांचे ग्रुप नव्या शाळेतही पोहोचतात. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल किंवा ‘मी नसते तर बरे’ अशा अर्थाचे काही ती बोलली असेल, तर वरचे सगळे बाजूला ठेवून आजच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक रात्रीही चालतात, आणि तिला एकटीला बोलायचे असेल तर बोलू द्या.