जाग आली, भान आलं का?

प्रश्न : अपघात होऊन सात आठवडे झाले. यांचे डोळे उघडे असतात. हा कोमाच का?
नाही. कोमात डोळे उघडत नाहीत. ही जाग आहे. भान वेगळं तपासावं लागतं.

प्रश्न : सासूबाई अशाच आहेत; त्यांचा हात धरला की दाबतात. म्हणजे ओळखतात ना?
तळव्याला स्पर्श झाला की मूठ आपोआप आवळू शकते, तान्ह्या बाळाची आवळते तशी. हात न धरता "अंगठा वर करा" म्हणा, १० सेकंद थांबा. असं चारदा करा आणि काय झालं ते डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : बाबांची नजर फिरते, असं आई म्हणते. डॉक्टर एकदा पाहून "भास आहे" म्हणाले.
एकदा पाहून! जाग ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ, राखतो; भानासाठी थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) आणि कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) यांची साथ लागते, आणि ती दिवसभरात येते-जाते. सकाळी काहीच न करणारा रुग्ण दुपारी नजर लावतो. २००९ च्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी "भान नाही" असं एकमताने ठरवलेल्या ४४ पैकी १८ रुग्णांत पद्धतशीर तपासणीत भानाच्या खुणा सापडल्या.

म्हणून सीआरएस-आर, म्हणजे भानाच्या खुणा ठरलेल्या पद्धतीने शोधणारी तपासणी, मागा, दोन आठवड्यांत किमान पाच वेळा. आधी गुंगीची औषधं, ताप, फिट आणि श्रवण यांचा विचार झालेला हवा. नजर बोटाने नाही, आरशाने तपासतात. तो चेहऱ्यापासून ४ ते ६ इंचांवर धरून सावकाश डावी-उजवीकडे, मग वर-खाली न्यायचा. बोटाकडे न वळणारी नजर आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याचा माग घेऊ शकते. आईंनी तारीख-वेळ लिहून मोबाइलवर चित्रण ठेवावं.

२०२४ च्या एका अभ्यासात बाहेरून कोणतीही सूचना न पाळणाऱ्या २४१ पैकी ६० जणांचा मेंदू एफएमआरआय (मेंदूचं काम दाखवणारं स्कॅन) किंवा ईईजीवर (मेंदूतल्या विजेचा आलेख) सूचना पाळताना दिसला. म्हणजे गप्प पडलेला रुग्णही ऐकत असू शकतो; तेव्हा खाटेपाशी हिशेब आणि भांडणं नकोत.

प्रश्न : एका क्लिनिकने स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवली आहेत. गुण येईल?
या रुग्णांसाठी हा सिद्ध उपचार नाही. पैसे फिजिओथेरपीला ठेवा. डोक्याला मार लागलेल्यांत अमॅन्टाडीन या औषधाला अभ्यासाचा आधार आहे, पण फिट आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. व्हॉट्सअॅपवरची मात्रा देऊ नका.

प्रश्न : पेशींच्या विजेतून "मी"पणाचा अनुभव येतो कसा?
सर्वमान्य उत्तर नाही. बहुसंख्य चेतापेशी लहान मेंदूत असतात, तरी तो निकामी झाल्यावर भान टिकतं. नुसत्या संख्येने कोडं सुटत नाही.

प्रश्न : ब्रेन डेड म्हणजे खोल कोमा?
नाही, मृत्यू. अवयवदानासाठीच्या १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. शंका असल्यास अवयवदानाच्या संमतीवर सही करण्याआधी त्यांनाच विचारा.