कडी, पत्रा, हातोडी : वाचक विचारतात

मध्ययुगीन युरोपीय पद्धतीचे चिलखत छंद म्हणून घरी बनवणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली. कुणाला कड्यांची जाळी विणायची आहे, कुणाला पत्रा ठोकायचा आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

सातव्या मजल्यावर वन बीएचकेत राहतो. जाळीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा करायचा आहे. तार कोणती, किती आणि कड्या किती लागतील? (घणसोली)

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने जाळीच निवडावी. आवाज पक्कडीचा, तेवढाच.

तार सोळा गेजची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली, १.६ मिमी जाडीची घ्या. कडीचा आतला व्यास ८ मिमी ठेवा. आतला व्यास भागिले तारेची जाडी हा आकडा इथे ५ येतो, आणि चार-एक विणीला (प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते ती वीण) तोच सोयीचा आहे. आकडा तीनवर आला की चौथी कडी आत शिरत नाही. सहाच्या पुढे गेला की जाळी झिरझिरीत होते आणि कड्या ओढीने उघडतात. दुकानात बांधकामाची काळी बाइंडिंग तार स्वस्त मिळते म्हणून ती उचलू नका. ती इतकी मऊ असते की सदरा स्वतःच्याच वजनाने उसवतो.

हिशेब असा. एका कडीला ३० मिमी तार लागते आणि तिचे वजन अर्ध्या ग्रॅमला थोडे कमी भरते. किलोत साधारण २,१०० कड्या. मांडीपर्यंतच्या, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्याला अंगलोटाप्रमाणे १५ ते २० हजार कड्या धरा, म्हणजे ४५० ते ६०० मीटर तार आणि सात ते साडेनऊ किलो वजन. कापताना वाया जाणारी तार वेगळी. ॲल्युमिनियमची तार घेतली तर वजन तिसऱ्या हिश्श्यावर येते, पण आतला कपडा आणि मान काळपट होते. ते चालणार असेल तर नाटकासाठी ॲल्युमिनियम वाईट नाही.

कड्या पाडायला ८ मिमीची गुळगुळीत लोखंडी सळई घ्या आणि तिच्या टोकाजवळ २ मिमीचे भोक पाडा. तारेचे टोक त्यात अडकवून वेटोळी एकमेकांना चिकटून गुंडाळा. ३० सेंमी लांबीच्या गुंडाळीतून १८० च्या आसपास कड्या निघतात. तार सोडली की थोडी उसळते, त्यामुळे कडीचा व्यास सळईपेक्षा किंचित मोठा येतो, तो धरूनच चाला. सळई ड्रिल मशीनमध्ये धरून गुंडाळणार असाल तर वेग अगदी कमी ठेवा आणि हातमोजे काढून ठेवा. फिरत्या यंत्राजवळ हातमोजा घातलेले बोटच आधी ओढले जाते. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच, तारेचे शेवटचे टोक सुटताना चाबकासारखे फिरते.

अर्ध्या कड्या आधीच मिटवून ठेवा, अर्ध्या उघड्या. एक ओळ मिटलेल्यांची, पुढची उघड्यांची, असे विणत गेलात तर काम झपाट्याने होते. पण पहिल्याच दिवशी सदऱ्याला हात घालू नका. पंधरा सेंमी चौरस तुकडा करा, साडेचारशेच्या आसपास कड्या लागतील. तो नीट जमला तरच पुढची तार आणा.

विणलेली जाळी आडवी धरली की घट्ट बसते, उभी धरली की ताठ लोंबते आणि भोके दिसतात. शिवाय रोज चार-पाच कड्या गळतात. (कोपरखैरणे)

पहिली अडचण दिशेची आहे. चार-एक विणीत कड्यांच्या ओळी असतात. त्या ओळी अंगाभोवती आडव्या आल्या पाहिजेत. तसे असले की वजनाने ओळी खाली ओढल्या जातात, एका ओळीतल्या कड्या जवळ येतात आणि जाळी अंगावर मिटते. श्वास घेताना किंवा हात वर करताना ती बाजूने ताणतेही. ओळी उभ्या आल्या तर जाळी आधीच पूर्ण ताणलेली राहते, अंगाबरोबर हलत नाही. तुमचा तुकडा ९० अंशांनी फिरवून जोडा. बाह्यांत ही दिशा आपोआप बिघडते. साध्या टी-शर्टच्या कापाने केलेल्या सदऱ्यात हात खाली सोडला की बाहीच्या ओळी उभ्या होतात आणि काखेत ताण येतो. तिथे १० सेंमीचा चौकोनी तुकडा वेगळा विणून बसवा, किंवा नाटकापुरते असेल तर काख चक्क उघडी ठेवा.

गळणाऱ्या कड्यांचे कारण बहुतेक वेळा मिटवण्याच्या हाताच्या वळणात असते. कडी उघडताना तोंडे एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत. एक तोंड पुढे, एक मागे, असे पिळून उघडायचे. मिटवताना तोंडे एकमेकांच्या थोडी पलीकडे न्यायची आणि मग परत समोरासमोर आणायची. तार उसळून जेवढी मागे येते तेवढी ही जास्तीची पिळ खाऊन टाकते. तोंडे भिडल्यावर हलका 'टक' जाणवतो. नखाने चाचपून पाहा. नख अडकले तर कपडाही अडकणार.

पक्कड दोन्ही हातांत एकेक हवी, चपट्या तोंडाची, दाते नसलेली. दात्यांनी जस्त खरवडले जाते आणि गंज बरोबर तिथूनच सुरू होतो. साइड कटरने, म्हणजे तार तोडायच्या पकडीने, कापलेल्या कडीच्या तोंडाला एक चिमटलेला कंगोरा राहतो. तो सदऱ्यात खुपतो, म्हणून बारीक दातांच्या करवतीने कापलेली कडी चांगली. वेळ मात्र दुप्पट लागतो.

जीआय तारेची चकाकी नको, जुनी काळपट जाळी हवी. गॅसवर लाल करून तेलात बुडवली तर? (नेरूळ)

अजिबात नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि त्यापुढे तापवत गेले की त्याचा पांढरा धूर होतो. तो धूर घरात श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते. जस्त लावलेली तार असो वा पत्रा, आगीजवळ न्यायची नाही, वेल्डिंगही नाही. काळपट जाळी हवी असेल तर मुलामा नसलेली साधी कडक तार घ्या आणि तिच्यावर गंज येणार हे मान्य करा. दुसरा मार्ग सबुरीचा. जीआय जाळी वापरात राहिली की जस्त आपसूक निस्तेज राखाडी होते.

कोपराची वाटी ठोकतो आहे. कडेला सुरकुत्या पडतात, दोनदा पत्राच फाटला. सोसायटीचीही तक्रार आली. (वर्तकनगर, ठाणे)

आधी पत्रा तपासा. दुकानदार सीआरसीच्या (थंड लाटलेल्या पोलादी पत्र्याच्या) जागी जीपी, म्हणजे जस्ताचा पत्रा, सहज देतो. त्याच्यावर चांदणीसारखी नक्षी दिसते. तुम्हाला हवा आहे साधा सीआरसी, आयएस ५१३ या भारतीय मानकातला, जुन्या नावाने डी किंवा डीडी दर्जाचा, म्हणजे खोल ओढायला बनवलेला. जाडी १.२ मिमी पुरे. बहुतेक नवशिके १.६ मिमीचा आणतात, आणि हात दुखल्यावर दोष हातोडीला देतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आठ बाय चारचा अख्खा पत्रा मिळतो, १.२ मिमीचा साधारण २८ किलो भरतो. एवढा नको असेल तर वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत उरलेले तुकडे किलोवर मिळतात.

आता फाटण्याचे. कात्रीने कापलेल्या कडेवर बारीक धारदार बुर राहतो आणि चीर तिथूनच निघते. ठोकायला घेण्याआधी पूर्ण कड कानशीने गोल करा. दुसरे कारण, एकाच जागी ठोकत राहणे. ठोकल्याने लोखंड ताठ होते. ताठ झालेल्या जागी आणखी घाव बसला की ते वाकत नाही, तडकते.

पद्धत अशी. चिंच किंवा बाभळीचा ओंडका घ्या, त्यात दहा-बारा सेंमी रुंद आणि तीन सेंमी खोल खळगा कोरा. खाटकांचे ओंडके चिंचेचेच असतात, कारण ती फुटत नाही. पत्रा साधारण २० बाय १६ सेंमीचा अंडाकृती कापा. हातोडी पाऊण ते एक किलोची, फुगीर तोंडाची, आणि तिच्या तोंडाची कड घासून मऊ केलेली. नाहीतर प्रत्येक घावाला अर्धचंद्राची खूण उठते आणि ती नंतर कानशीनेही जात नाही. सुरुवात मध्यापासून करू नका. काठाच्या आत दोन सेंमीवरून सुरू करून गोल गोल मध्याकडे या, घाव एकमेकांवर निम्मे चढलेले. एक फेरी झाली की पुन्हा काठापासून. मध्यापासून ठोकले की मधला भाग पातळ होत जातो आणि काठाला जास्तीचा पत्रा उरतो, त्याच्याच सुरकुत्या होतात. सुरकुती दिसली की तिथल्या तिथे थांबा, ती लोखंडी गोलावर ठेवून हलक्या घावांनी बसवा. दुमडली की संपले. ती घडी सपाट करायला गेलात की तिथेच फाटते.

दोन-तीन फेऱ्यांनंतर हातोडी टणटणू लागली आणि पत्रा हलेनासा झाला तर तो ब्लो लॅम्पने सावलीत लाल दिसेपर्यंत तापवा आणि हवेत निवू द्या. पाण्यात बुडवायची घाई नको. साधी पाच सेंमी खोल वाटी पुष्कळदा न तापवताही होते.

शेवटी बाहेरून गुळगुळीत करायला गोळाफेकीचा भरीव गोळा उपयोगी पडतो, चौकटीत घट्ट बसवा. वाटी त्याच्यावर ठेवून सपाट, चकचकीत तोंडाच्या हातोडीने हलके, जवळ जवळ घाव द्या. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा भंगारातून घ्यावा असे सर्रास सांगतात. घेऊ नका, रेल्वेची मालमत्ता बाळगणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकते. ५० मिमीची जाड सळई किंवा आय-बीमचा तुकडा तेवढेच काम करतो.

तक्रारीबद्दल सोसायटी बरोबर आहे. निवासी भागात ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल मर्यादा आहे, आणि पत्रा ठोकण्याचा आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. ओंडक्याखाली वाळूची गोणी आणि रबरी चटई घातली की खालच्या घरात पोचणारे हादरे कमी होतात, टणटण कमी होत नाही. पत्र्याचे काम करायचेच असेल तर औद्योगिक भागातल्या एखाद्या गाळ्यात आठवड्याची वेळ ठरवून घ्या. कानात बोळे घालाच.

छातीचा पत्रा ठोकण्याची ताकद आणि जागा दोन्ही नाही. जाळीच्या पुढे काय करता येईल? (ऐरोली)

पट्ट्यांचा कोट. स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावरच्या विस्बीजवळ १३६१ साली झालेल्या लढाईतल्या सामूहिक दफनांत असे कोट सापडले आहेत. कापडाच्या आतून लोखंडी पट्ट्या रिव्हेट केलेल्या असतात, बाहेर दिसतात फक्त रिव्हेटच्या टोप्या. ठोकायचे जवळजवळ नाही, पट्ट्या जाड पाइपावर दाबून किंचित वाकवल्या की झाले.

दुपदरी जाड कॅनव्हास, १.२ मिमीच्या दहा-बारा पट्ट्या, ४ मिमीचे रिव्हेट, प्रत्येकाखाली वॉशर. पट्ट्या एकमेकांवर दीड ते दोन सेंमी चढतील अशा आखा, रिव्हेट चार-पाच सेंमी अंतरावर. वॉशर चुकवला की महिन्याभरात कापड रिव्हेटभोवती फाटते. आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या स्प्लिट पिनने जोडून अंगावर घाला, खाली बसा, वाका, हात पुढे घ्या. वाकताना जी पट्टी हनुवटीला किंवा मांडीला टोचेल ती पुठ्ठ्यातच कापून घ्या. मग महापे किंवा रबाळ्यात लेझरने कापून घ्या. डिझाइनची फाइल नीट असेल तर काम मिनिटांचे, पण एकट्या तुकड्यासाठीही ठरलेले किमान पैसे लावतात, म्हणून दोघातिघांनी मिळून पाठवा. लेझरच्या कडेवर काळी पापडी असते. तिच्यावर रंग धरत नाही, कानशीने काढा.

शाळेच्या नाटकात सहा सैनिक उभे करायचे आहेत, गडकरी रंगायतनला प्रयोग. एवढी जाळी विणणार कधी? (कळवा)

विणू नका. जाड सुताची किंवा लोकरीची मोठ्या सुयांवर सैल, खरबरीत वीण घाला, काळा रंग द्या, सुकल्यावर कोरड्या ब्रशने चंदेरी फक्त उंचवट्यांवर ओढा. चौथ्या रांगेपासून पुढे कुणाला कळत नाही. खऱ्या जाळीचा दुसरा त्रास म्हणजे तिचा सळसळाट कॉलर माइकमध्ये जातो. पत्र्यासाठी ५ मिमी ईव्हीए फोम (रबरासारखा हलका फोम), हीट गनने वाकवलेला. वर पातळ केलेल्या फेविकॉलचे तीन हात, मग रंग.

पावसाळ्यात जाळी तांबूस झाली, काही ठिकाणी पांढरी पूडही आली. खोबरेल लावले तर ती चिकट झाली. (घोडबंदर रोड)

पांढरी पूड हे जस्ताचे काम आहे. ओलसर जाळी बंद पिशवीत ठेवली की येते. तांबूस भागात जस्त संपून लोखंड उघडे पडले आहे. खाडीकाठच्या खारट हवेत दोन्ही लवकर होते.

झाकणाच्या प्लास्टिक बादलीत जाळी घाला, ती बुडेल एवढी कोरडी, चाळलेली नदीची रेती भरा आणि बादली आडवी करून अर्धा तास लोळवा. मध्ययुगात पिंपात वाळू घालून हेच करत. खाडीची रेती मात्र चालणार नाही, तिच्यातल्या मिठाने महिन्यात परिस्थिती आणखी बिघडेल. नंतर रेती झटकून, गरम पाण्यात साबणाने धुऊन, हेअर ड्रायरने पूर्ण वाळवा. मग शिलाई मशीनचे तेल कापडावर घेऊन चोळा आणि जास्तीचे पुसून काढा. खाद्यतेले नकोत, शेंगदाण्याचे तर हवेत चिकट थर धरते आणि धूळ ओढते.

अंगावरून उतरवल्यावर घाम पुसून ठेवा, मिठाचा हल्ला खाडीपेक्षा घामाचाच जास्त होतो. साठवायला सुती पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद ओल धरतो. चामड्याचे पट्टे पत्र्यावरून सोडवून वेगळे ठेवा. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि त्यांच्याखालचा पत्रा बक्कलाच्या आकारात गंजतो.