टेक्सासमधली तीन वर्षे विकत घ्यावीत का?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटजवळच्या एका सरकारी शाळेत मी नऊ वर्षांपासून शिक्षिका आहे. त्याआधी तीन वर्षे टेक्सासमधील सरकारी शाळेत आणि त्याही आधी चार वर्षे पुण्यातील एका अनुदानित शाळेत शिकवले. टेक्सास सोडताना तिथल्या निवृत्तिवेतन निधीत जमा झालेली माझी रक्कम मी काढून घेतली होती. आता त्या तीन वर्षांचे सर्व्हिस क्रेडिट (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी सेवेची वर्षे) ५८,२०० डॉलरना विकत घेता येईल, असा अंदाज कॅलस्टर्सकडून, म्हणजे कॅलिफोर्नियातील शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडून, आला आहे. माझा वार्षिक पगार ९८,००० डॉलर आहे. ४०३(बी) या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात ९६,००० डॉलर असून त्यांपैकी ४१,००० स्थिर उत्पन्नाच्या फंडात आणि बाकीचे शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात आहेत. पती खासगी कंपनीत नोकरी करतात. त्यांचे ४०१(के), म्हणजे खासगी नोकरीतले तसेच खाते, वेगळे आहे. ६२ व्या वर्षी निवृत्त होण्याचा विचार आहे. सोबतची शिक्षिका म्हणते की हे पैसे दहा वर्षांत वसूल होतात. पती म्हणतात की ते बाजारातच राहू द्यावेत. काय करावे?

उत्तर : पुण्यातील चार वर्षांचा विषय आधी संपवतो. ती वर्षे कॅलस्टर्समध्ये धरली जात नाहीत, आणि भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा परस्पर करार नसल्यामुळे सोशल सिक्युरिटीसाठीही (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनासाठीही) त्यांचा उपयोग नाही. टेक्सासची तीन वर्षे मात्र घेता येतात, कारण ती सेवा दुसऱ्या राज्यातील सरकारी शाळेतील आहे आणि रक्कम काढून घेतल्यामुळे तिच्यावर तुम्हाला तिथून निवृत्तिवेतन मिळणार नाही. प्रत्यक्ष न केलेल्या सेवेची वर्षे विकत घेण्याची जी सोय कॅलिफोर्नियात पूर्वी होती, ती १ जानेवारी २०१३ पासून बंद झाली. एखाद्या निवृत्त सहकाऱ्याने 'मी पाच वर्षे घेतली होती' असे सांगितले, तर तो बहुधा त्या जुन्या सोयीबद्दल बोलत असतो. त्याच्या अनुभवावरून तुमचा हिशेब मांडू नये.

तुम्ही २०१३ नंतर सदस्य झालात, म्हणजे तुम्हाला '२ टक्के ६२ व्या वर्षी' हे सूत्र लागू आहे. सेवेची वर्षे, निवृत्तीच्या वयाचा दर आणि सलग ३६ महिन्यांचा सर्वाधिक सरासरी पगार या तिघांचा गुणाकार म्हणजे वार्षिक निवृत्तिवेतन. वयाचा दर ५५ व्या वर्षी १.१६ टक्के, ६० व्या वर्षी १.७६ टक्के, ६२ व्या वर्षी २ टक्के आणि ६५ व्या वर्षी २.४ टक्के असतो. त्यापुढे तो वाढत नाही. त्यामुळे ६२ व्या वर्षी निवृत्त झालात, तर तीन वर्षांचे क्रेडिट म्हणजे अखेरच्या सरासरी पगाराचे ६ टक्के. आजच्या पगारावर ही रक्कम वर्षाला ५,८८० डॉलर, म्हणजे महिन्याला ४९० डॉलर होते. ५८,२०० ला ५,८८० ने भागले की ९.९ येतात. तुमच्या मैत्रिणीची 'दहा वर्षे' इथूनच आली आहेत.

हा भागाकार चुकीचा आहे, कारण त्यात एका बाजूला आजचे पैसे आहेत आणि दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांनी सुरू होणारे निवृत्तिवेतन आहे. या क्रेडिटची खरी किंमत म्हणजे तुम्ही ६२ वर्षांच्या व्हाल तेव्हा या ५८,२०० डॉलरचे जे काही झाले असते ती रक्कम. पत्रात छापलेला आकडा हा केवळ तिचा आरंभ आहे. तुमचा पगार वर्षाला ३ टक्क्यांनी वाढतो आणि खात्यातील पैसे वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतात असे धरू. सोळा वर्षांनी ५८,२०० चे सुमारे १,४७,८५० डॉलर होतात. अखेरचा तीन वर्षांचा सरासरी पगार सुमारे १,५२,७०० डॉलर होतो आणि त्याचे ६ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ९,१६० डॉलर. एवढे निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी तुम्ही ६२ व्या वर्षी सुमारे दीड लाख डॉलर मोजत आहात. निर्णय घेताना हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

पैसे खात्यातच ठेवले आणि ६२ व्या वर्षापासून त्यातून दरवर्षी तेवढीच रक्कम, कॅलस्टर्सप्रमाणे दरसाल मूळ रकमेच्या २ टक्क्यांनी वाढवत, काढत गेलात, तर शिल्लक किती वर्षे पुरेल, हे मी मोजून पाहिले. खात्यावर आजपासून दरवर्षी ४ टक्के मिळाले तर ती तुमच्या ७६ व्या वर्षी संपते, ५ टक्के मिळाले तर ८१ च्या सुमारास, ६ टक्के मिळाले तर नव्वदीत, आणि ७ टक्के मिळत राहिले तर ती कधीच संपत नाही. म्हणजे क्रेडिट घेणे फायद्याचे की तोट्याचे, हे जवळजवळ पूर्णपणे तुलनेला कोणता दर घेता यावर ठरते. तुमच्या घरातील वाद खरे तर या दराचाच आहे: पती मनात ७ टक्के धरून बोलत आहेत, तर सोबतच्या शिक्षिकेने शून्य टक्के धरले आहेत.

शून्य टक्के धरणे कोणत्याही अर्थाने योग्य नाही. पण बाजाराचे ७ टक्के धरणेही इथे मला पटत नाही, कारण निवृत्तिवेतन बाजाराबरोबर खाली जात नाही आणि तुम्ही जगाल तोवर मिळत राहते. ज्याचा परतावा खात्रीचा आहे, त्याची तुलना तशाच खात्रीच्या गुंतवणुकीशी व्हायला हवी. आणि तुमच्या ४०३(बी) मध्ये अशी गुंतवणूक आहे ती फक्त स्थिर उत्पन्नाच्या फंडातील ४१,००० डॉलर. त्या फंडाकडून दीर्घकाळ ४ ते ५ टक्क्यांपेक्षा अधिक अपेक्षा करता येत नाही, आणि त्या दराने पाहिले तर ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे क्रेडिटचे पारडे जड होते. इंडेक्स फंडातील पैसे काढून क्रेडिट घेण्याचे समर्थन मात्र मला करता येत नाही.

आता ही किंमत इतकी का आहे, तेही पाहू. ५८,२०० ला तीनने भागले की दर वर्षाला १९,४०० डॉलर येतात. तुमच्या पगाराच्या हे जवळपास २० टक्के आहेत. नोकरीतील नेहमीच्या वर्षासाठी तुमच्या पगारातून सुमारे १०.२ टक्के कापले जातात आणि शाळा-जिल्हा (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, म्हणजे तुमचा नियोक्ता) वेगळे १९.१ टक्के भरतो. विकत घेतलेल्या वर्षासाठी मात्र दुसरे कोणीच भरत नाही, सगळा भार तुमचा. तुमचे आजचे वय, आजचा पगार आणि सदस्यत्वाचा गट यांवरून ती किंमत ठरते. टेक्सासमध्ये तुम्हाला किती पगार होता याच्याशी तिचा संबंध नाही. दर असा ठेवण्यामागचा हेतू हा की या विक्रीचा बोजा निधीवर पडू नये. त्यामुळे यात सवलत शोधू नये. फायदा होतो तो सरासरीपेक्षा वेगळे असणाऱ्याचा : जी अधिक जगेल, जिचा अखेरचा पगार अधिक चढेल आणि जी शेवटपर्यंत कॅलिफोर्नियातच शिकवत राहील तिचा.

पगाराचा मुद्दा लहान वाटतो, पण तसा नाही. पगार ३ ऐवजी ४ टक्क्यांनी वाढला, तर वरच्या ६ टक्क्यांच्या हिशेबात बरोबरी, म्हणजे खात्यातील पैसे संपून क्रेडिट फायद्याचे ठरू लागण्याचे वय, नव्वदीवरून ८४ वर येते. तुमच्या जिल्ह्याच्या वेतनश्रेणीत अजून किती पायऱ्या शिल्लक आहेत आणि आणखी काही युनिट्स (महाविद्यालयीन अभ्यासक्रम) पूर्ण करून तुम्ही वरच्या स्तंभात, म्हणजे अधिक शिक्षणाच्या वेतनगटात, जाणार आहात का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. नऊ वर्षांच्या सेवेनंतर बऱ्याच पायऱ्या बाकी असतात, म्हणून मी धरलेले ३ टक्के कदाचित कमी आहेत.

याच्या उलट बाजूचा धोका मात्र मोठा आहे. पतीची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली आणि तुम्ही पन्नासाव्या वर्षी शाळा सोडली असे समजा. अखेरचा सरासरी पगार त्या वेळच्या आकड्यावर, म्हणजे माझ्या हिशेबाने १,०७,००० डॉलरच्या आसपास, थांबेल आणि त्यापुढील बारा वर्षे तो तसाच राहील. ६२ व्या वर्षी तीन वर्षांच्या क्रेडिटचे मिळतील ते वर्षाला सुमारे ६,४०० डॉलर, तर खात्यातील पैसे ६ टक्क्यांनी तेव्हाही १,४७,८५० झालेले असतील. त्या स्थितीत तुम्ही कितीही जगलात तरी बरोबरी होत नाही. खासगी क्षेत्रात, त्यातही सिलिकॉन व्हॅलीत, अशी बदली किंवा नोकरकपात नवलाची नाही. तुम्ही दोघांनी सर्वांत आधी बोलावे ते यावर, व्याजदरावर नंतर.

निवृत्तीचे वय दोन-तीन वर्षांनी मागे-पुढे झाले, तर निकाल फारसा हलत नाही. ६५ व्या वर्षी तीन वर्षांचे ७.२ टक्के मिळतात, पण तोवर खात्यातील पैसेही वाढलेले असतात, त्यामुळे ६ टक्क्यांनी बरोबरी ८९ च्या सुमारास येते.

महागाईचाही विचार करावा लागेल. कॅलस्टर्सची वार्षिक वाढ मूळ निवृत्तिवेतनाच्या २ टक्के असते आणि ती साध्या व्याजासारखी मिळते, चक्रवाढ नाही. वीस वर्षांत निवृत्तिवेतन ४० टक्क्यांनी वाढेल, आणि महागाई ३ टक्के राहिली तर किमती ८० टक्क्यांनी वाढलेल्या असतील. क्रयशक्ती मूळच्या ८५ टक्क्यांखाली गेली, तर तिथवर भरून देणारी तिमाही पुरवणी आहे, परंतु ती त्या वेगळ्या खात्यात पैसे असेपर्यंतच. माझ्या आकडेमोडीत ही पुरवणी धरलेली नाही. धरली असती तर दीर्घायुष्याच्या बाजूने थोडा फरक पडला असता.

क्रेडिटच्या बाजूने जाणारी एक गोष्ट अलीकडची आहे. कॅलस्टर्सच्या नोकरीत सोशल सिक्युरिटी कापली जात नाही, आणि पूर्वीच्या नियमाप्रमाणे पतीच्या खात्यावरून मिळणाऱ्या तुमच्या लाभातून तुमच्या निवृत्तिवेतनाच्या दोन-तृतीयांश इतकी रक्कम वजा होत असे. म्हणजे क्रेडिट घेऊन निवृत्तिवेतन वाढवायचे आणि त्यातला मोठा भाग दुसऱ्या दाराने गमवायचा. ५ जानेवारी २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने ही वजावट रद्द केली. पतीच्या लाभाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम आता निवृत्तिवेतनामुळे कमी होणार नाही. याआधीच्या वर्षांत लिहिलेला सल्ला वाचनात आला, तर त्यातील हा भाग कालबाह्य समजावा.

वारसाच्या दृष्टीने ४०३(बी) उजवे आहे. तुम्ही ६८ व्या वर्षी गेलात, तर खात्यातील शिल्लक पती किंवा मुलांना मिळते. निवृत्तिवेतन तुमच्याबरोबर थांबते. ते पतीला पुढे चालू राहावे असे वाटत असेल, तर निवृत्त होताना १००, ७५ किंवा ५० टक्क्यांचा पर्याय निवडावा लागतो आणि त्यासाठी स्वतःचे निवृत्तिवेतन कमी करून घ्यावे लागते. घराण्यात दीर्घायुष्य असेल तर हा मुद्दा मागे पडतो. प्रकृतीची काही गंभीर तक्रार असेल, तर माझे पुढचे मत बाजूला ठेवून क्रेडिट घेऊच नये.

कराने मात्र फारसा फरक पडत नाही. ४०३(बी) मधून रक्कम थेट कॅलस्टर्सकडे वळवली तर आज कर लागत नाही, आणि पुढे निवृत्तिवेतनावर जसा कर लागेल तसाच तो ४०३(बी) मधून पैसे काढतानाही लागला असता. बँकेतील बचतीतून भरणे मी सुचवणार नाही, कारण एकदा भरलेली रक्कम अडचणीच्या वेळी काढता येत नाही. हप्त्यांनी भरण्याची सोय आहे, पण त्यावर व्याज लागते, आणि ४०३(बी) मध्ये पैसे पडून असताना ते व्याज देण्यात अर्थ नाही.

म्हणून माझे मत असे : पुढील पंधरा-सोळा वर्षे तुम्ही कॅलिफोर्नियातील शाळेतच राहाल याची दोघांनाही बऱ्यापैकी खात्री असेल, तर तीनऐवजी दोन वर्षे घ्यावीत. त्याचे सुमारे ३८,८०० डॉलर स्थिर उत्पन्नाच्या फंडातून पूर्णपणे भागतात आणि इंडेक्स फंडातील ५५,००० डॉलर जागेवर राहतात. ६२ व्या वर्षी या दोन वर्षांचे आजच्या पगाराच्या हिशेबाने महिन्याला सुमारे ३२७ डॉलर होतात. तशी खात्री नसेल तर थांबावे. थांबण्यालाही किंमत आहे, कारण वय आणि पगार वाढतील तसा पुढचा अंदाज आजच्यापेक्षा जास्त येईल. तरीही पन्नासाव्या वर्षी राज्य सोडण्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा ती वाढ सोसण्याजोगी आहे.

अर्ज करताना वर्षांची संख्या दोन करून नवा अंदाज लेखी मागवा आणि टेक्सासमधील तुमच्या जुन्या शाळा-जिल्ह्याकडून सेवेचा दाखला आत्ताच काढून घ्या. जुन्या नोंदी मिळवण्यातच अनेकदा महिने जातात. आणखी एक तपासणी रक्कम वळवण्याआधी करा. शिक्षकांची बरीच ४०३(बी) खाती ही विमा कंपन्यांची ॲन्युइटी (पुढे ठरावीक उत्पन्न देण्याचा करार) असतात आणि त्यांतून मुदतीपूर्वी पैसे हलवले की सरेंडर शुल्क कापले जाते. तुमचा स्थिर उत्पन्नाचा फंड तशा करारात असेल, तर ते शुल्क ३८,८०० मध्ये मिळवून वरचा हिशेब पुन्हा करावा, आणि शुल्काची मुदत वर्षा-दोन वर्षांत संपत असेल तर तेवढे थांबणे स्वस्त पडते का, हे कॅलस्टर्सच्या नव्या अंदाजाशी ताडून पाहावे.