आधी आळणी काढा, मग चटणी

गणपतीला पंधरा दिवस राहिलेत आणि पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची, पाहुणे येणार, स्वयंपाक मोठा आणि घरातलं पोरगं कशाला तोंड लावत नाही. सगळी छापायला जागा नाही म्हणून पाच घेतलीत. नावं मुद्दामच घातली नाहीत, कारण एका ताईंनी लिहिलंय की सासूबाईपण हाच अंक वाचतात, त्यांच्यानंतर माझ्या हातात येतो.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एक आई विचारतात : माझा मुलगा पाच वर्षांचा. दूधभात, तूप-साखर-पोळी आणि बिस्किटं, बास, चौथा पदार्थ नाही. आमच्यात गौरी आली की त्या दिवशी शेपूची भाजी, भाकरी आणि वड्या, दुसऱ्या दिवशी पुरणाचं सगळं. घरात वीस-बावीस माणसं. मागच्या वर्षी पंगतीत सगळ्यांसमोर जाऊबाई म्हणाल्या, "ह्याला काय वाऱ्यावर जगवतीस काय गं?" आणि मी आत जाऊन रडले. यंदा त्याच्यासाठी वेगळं काय करून ठेवू म्हणजे तो जेवेल?

ताई, वेगळं काहीच करू नका. वीस माणसांच्या स्वयंपाकात एकाचा वेगळा कुकर लावायचा म्हणजे तुमचं कंबरडं मोडणार, आणि पोराला कळणार की आपण हट्ट धरला की आई नवीन भांडं चढवते. आपल्याकडं मटण करताना आपण काय करतो ते आठवा. मटण शिजलं की चटणी पडायच्या आधी पातेलीभर आळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी, बाजूला निघते, त्यात दोन-चार फोडी, त्यावर भात, आणि गल्लीतली सगळी बारकी पोरं त्याच्यावर वाढलीत. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्यात चटणी म्हणजे वाटीत घेऊन खायची ती नव्हे, कांदा-लसूण घालून वर्षाची करून ठेवलेली लाल चटणी, जी कोल्हापुरात चहा सोडून सगळ्यात पडते.) तेच शाकाहारी सणाला करायचं. कटाची आमटी करताना कट, थोडा गूळ, मीठ, जिरं एवढं झालं की एक वाटी आधी काढा, मग चटणी टाका. बटाट्याच्या भाजीची मिरची वरून फोडणीत द्या, त्याच्या आधी चार फोडी काढा. म्हणजे तो खातोय ते घरातलंच जेवण, फक्त चटणी पडायच्या आधीचं. पुढच्या वर्षी त्यात चिमूटभर पडेल, त्याच्या पुढच्या वर्षी अजून थोडी, आणि दहावीला जाईपर्यंत तो तुम्हालाच म्हणेल की आई, आमटी सपक झालीय.

पण तुमच्या पत्रात खरी गोम दुसरीच आहे. सणाच्या दिवशी नैवेद्य किती वाजता होतो? बहुतेक घरात दीड-दोन. पोरगं उठलंय सातला, त्याला दहाला दूध, अकराला "रडू नको" म्हणून बिस्किटचा पुडा, बाराला कुणीतरी आत्याबाई आल्या त्यांनी पेढा दिला, आणि दोनला आपण ताट वाढून म्हणतो "जेव". त्याला भूकच नाही तर तो कसा जेवणार, तुम्ही-आम्ही तरी जेवू काय? त्या दिवशी अकराला एक केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू द्या आणि मग पाण्याशिवाय काही नको, घरातल्या सगळ्यांना तसं आधीच सांगून ठेवा. आणि जमलं तर सासूबाईंना विचारून देवाचं ताट तेवढं बारालाच दाखवून घ्या, मोठ्यांची पंगत बसू दे दोनला.

रोजचं दूधपण मोजा. पाच वर्षाच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध भरपूर झालं, त्यातच दूधभातातलं दूधपण आलं. आमच्या भागात म्हशीचं दूध, साय हातभर, चार पेले पोटात गेले की जेवणाला जागा उरत नाही. शिवाय दुधात लोह जवळपास नसतंच, त्यामुळं नुसत्या दुधावर वाढलेली गुबगुबीत पोरंसुद्धा रक्त कमी असलेली निघतात.

शेपू. हां, शेपूचं मी काही वचन देत नाही, मला स्वतःला तिसाव्या वर्षी आवडायला लागला. ताटात एक रुपयाएवढी भाजी वाढायची आणि विसरून जायचं. खा म्हणायचं नाही, खाल्ली तर शाबास म्हणायचं नाही, टाकली तर तोंड वाकडं करायचं नाही. नवीन चव मुलांच्या पचनी पडायला 8-10 वेळा, कधी 15 वेळासुद्धा ती समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळेलाच "ह्याला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. मात्र वजन वाढायचंच थांबलंय, किंवा घास गिळताना ठसका, ओकारी असं नेहमी होतंय, तर मग हे माझं सगळं बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडं जा.

राहिल्या जाऊबाई. त्यांना त्या दिवशी पुरण वाटायला बसवा, 2 किलो डाळीचं. तोंड उघडायला वेळ मिळणार नाही.

कसबा बावड्यातून एक मामा विचारतात : दिवाळीच्या सुट्टीला पुण्याहून तीन भाचरं येणार, वय 3, 7 आणि 11. आईचे गुडघे गेलेत त्यामुळं स्वयंपाक मीच करतो, बरा करतो. पण पोरं पहिल्या घासाला हा-हू करतात, तांब्याभर पाणी पितात आणि मग नूडल्स मागतात. बहीण म्हणते तुझ्या हाताला तिखट जास्त. मी तर निम्मीच चटणी घालतो.

दादा, तुमची निम्मी म्हणजे पुण्याची दुप्पट, त्यामुळं बहिणीचं बरोबर आहे. आणि पाण्यानं तिखट उतरत नाही हो, मिरचीतला जो जाळ आहे तो पाण्यात विरघळतच नाही, पाण्याबरोबर उलट तोंडभर पसरतो. घोटभर दूध, दोन चमचे दही, नाहीतर तुपाचा भात, हे द्यायचं. दुधा-दह्यातलं प्रोटीन तो जाळ धरून घेऊन जातं. पांढरा रस्सा तांबड्याच्या शेजारी उगंच बसत नाही आपल्याकडं.

नूडल्सवर भांडू नका, पण बेत असा करा की पोरांना हाताला काम लागंल. आंबोळीचं पीठ आदल्या रात्री भिजवून ठेवा, सकाळी तवा ठेवा, अकरा वर्षाच्या पोरीला ओतू द्या, सातवाल्याला वर तूप सोडायचं काम. स्वतः ओतलेली आंबोळी वाकडी झाली, फाटली, करपली तरी खातात, हे मी आमच्या घरात स्वतः बघितलंय, माझ्या भाच्यानं एकदा सात खाल्ल्या आणि आम्हाला उरल्याच नाहीत. बरोबर लोणी आणि गूळ. आपला गूळ, तो काळपट असतो तो बघून घ्या, पिवळाधम्मक चकचकीत दिसतो तो नको.

एक मात्र नीट ऐका. दिवाळीत घरात भडंगाचा डबा उघडा असतो. तीन वर्षाच्या पोराच्या हातात तो द्यायचा नाही. तिखट म्हणून नाही, शेंगदाण्यासाठी. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा, फुटाणा श्वासनळीत अडकायची भीती असते आणि पोरं खेळता खेळता, पळता पळता तोंडात टाकतात. त्याला चिरमुरे वेगळे काढून द्या, नुसती हळद-मिठाची फोडणी.

मंगळवार पेठेतून एक ताई विचारतात : आषाढात आमच्या गल्लीची त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईदेवीची यात्रा झाली, देवीला नदीचं नवीन पाणी वाहून आलो आणि घरी पंचवीस माणसं जेवायला. तांबडा झकास झाला, पांढरा फाटला. वरती तेल, खाली चोथा. पहिल्या पंगतीला बरा होता, दुसऱ्या पंगतीला गरम केला आणि गेला. दसरा झाला की तेच पाहुणे परत यायचेत. काय चुकलं?

ताई, उत्तर तुम्हीच लिहिलंय, "गरम केला आणि गेला". नारळाच्या दुधाला खळखळ उकळी सोसत नाही. उकळी फुटली की त्यातलं प्रोटीन गोळा होतं आणि तेल मोकळं होऊन वर येतं. हे एकदा डोक्यात बसलं की पांढरा कधी फाटत नाही.

मी कसं करते सांगते. आळणीचं पाणी गाळून वेगळं काढायचं, पांढऱ्याच्या वाट्याला हळद नावालाच, नाहीतर पांढरा कसला, पिवळा होतो. तीळ, खसखस आणि काजू भिजवून अगदी गंधासारखं मऊ वाटायचं, बोटात चोळून बघायचं, खरखर लागली तर परत फिरवायचं. पातेल्यात तुपावर दालचिनी, लवंग, वेलदोडे, मिरे, मग आलं-लसणाचं वाटण, मग ही पांढरी पेस्ट, बारीक गॅसवर, रंग बदलू द्यायचा नाही. त्यावर आळणी. हे सगळं उकळलं तरी चालतं, खुशाल उकळू दे. मग गॅस एकदम बारीक, आणि एका वाडग्यात नारळाचं दूध घेऊन त्यात आधी दोन पळ्या गरम रस्सा घालून कोमट करायचं, आणि मग ते पातेल्यात ओतत एका हातानं पळी फिरवत राहायचं. कडेला बारीक बुडबुडे दिसले, वाफ आली, की बंद. झाकण घट्ट लावून ठेवू नका.

आणि दोन पंगती असल्या तर सगळं नारळाचं दूध एकदम घालायचंच कशाला? अर्धा रस्सा दुधाशिवायच बाजूला ठेवा, दुसरी पंगत बसायला लागली की तो उकळवून घ्या आणि तेव्हा दूध घाला. मधल्या वेळेला नारळाचं दूध फ्रीजमध्ये, आणि मटणाचं पातेलंपण दोन तासाच्या वर तसंच ओट्यावर ठेवू नका, रेंगाळणारे पाहुणे असले तर मधे उकळवून घ्या. पंचवीस माणसांना मटण साधारण साडेचार-पाच किलो लागतं, त्यात बारकी पोरं आठ-दहा असली तर चार पुरतं. फाटलाच तर दोन चमचे तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून घाला, बारीक गॅसवर ढवळा, वरनं घुसळणी फिरवा. पहिल्यासारखा होत नाही, पण वाढण्याजोगा होतो आणि पाव्हण्यांना काय कळत नाही.

हसू नका, माझी फजिती ह्याच्यापेक्षा मोठी आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला मला कौतुकानं रस्सा करायला दिला आणि मी माहेरच्या सवयीनं सगळ्या मटणात चटणी ओतून मोकळी झाले. माहेरी आम्ही बहिणी मोठ्या, आळणी काढायची गरजच नसायची. इकडं नऊ पोरं पाटावर बसलेली, पुढ्यात कोरडा भात, आणि सासूबाई पातेल्यात डोकावून एवढंच म्हणाल्या, "आळणी कुठाय?" त्या दिवशी आमच्या चुलतसासूबाईंनी गरम पाण्यात फोडी धुऊन काढल्या, त्या पाण्यात तूप, मीठ घातलं आणि पोरांना जेवू घातलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून गॅस लावायच्या आधी मी रिकामं पातेलं ओट्यावर काढून ठेवते, आळणीचं, सगळ्यात पहिलं भांडं ते.

गंगावेशीजवळून एक आज्जी विचारतात : नातू दोन वर्षांचा, सुट्टीला आलाय. आमच्या वेळी दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढली की तिथंच पेला तोंडाला लावायचे. सून उकळल्याशिवाय देत नाही. ताजं दूध उकळून त्याची ताकद घालवायची कशाला?

आज्जी, सूनबाईंच्या बाजूनं बोलते, रागावू नका. दूध कट्ट्यावर रात्री म्हशी उभ्या असतात, लोक पेले घेऊन थांबतात, त्याची मजा मला माहीत आहे. पण न तापवलेल्या दुधातून जुलाबापासून क्षयापर्यंत रोग येऊ शकतात, आणि दोन वर्षाच्या लेकराला ते झेपत नाहीत. उकळल्यानं थोडी जीवनसत्त्वं कमी होतात, पण कॅल्शियम, प्रोटीन काही उडून जात नाही. कट्ट्यावर न्या त्याला, म्हशी दाखवा, फेस दाखवा, दूध किटलीतनं घरी आणा, एक चांगली उकळी काढा आणि कोमट करून पाजा. साय तुम्ही खा.

उजळाईवाडीतून एक बाबा विचारतात : सहा वर्षांची मुलगी पुरणपोळीतलं फक्त पुरण उकरून खाते, पोळी तशीच ठेवते. तिची आई ओरडते, अन्नाची नासाडी म्हणते. मुलीला सवय कशी लावू?

खाऊ दे की. हरभऱ्याची डाळ आणि गूळ आहे, चॉकलेट नव्हे. तिला वाटीत पुरण, वर तूप, हातात चमचा. आणि पोळ्या लाटताना तिच्यासाठी लाटूच नका, म्हणजे नासाडीचा प्रश्न मिटला, आणि वहिनींची एक पोळी वाचली.