नोकरी सोडू नकोस, टू-बी मॅच करणारा प्रोग्राम लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सावकाश वाचला. करसल्लागाराकडची नोकरी सोडायची, कर्ज काढून पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये शिरायचं, असा तुझा बेत आहे. सॉफ्टवेअरमध्ये जरूर ये, मला मनापासून आनंद होईल. पण नोकरी आत्ता सोडू नकोस आणि कर्ज तर मुळीच काढू नकोस. सांगलीतच राहून, आहे त्या लॅपटॉपवर, ज्या कामात तू दिवसभर असतेस त्याच कामावर प्रोग्रामिंग शीक.

तू लिहिलं आहेस की बी.कॉम. आणि त्यानंतरची जीएसटीच्या कामातली वर्षं वाया गेली, आता शून्यापासून सुरुवात. हे वाक्य मला पटलं नाही. नुसती भाषा शिकलेल्या मुलामुलींची आज कमतरता नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून साधा, ठरावीक साच्याचा कोड यंत्रही लिहून देतं. नवख्यांना जे काम देऊन कंपन्या शिकवायच्या, त्यातलं बरंचसं त्याच प्रकारचं होतं, म्हणून नवख्यांची वाट आज अवघड आहे. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण खरेदीचं रजिस्टर टू-बीशी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीशी) का जुळत नाही, पार्टीने, म्हणजे विक्रेत्याने, बिल पुढच्या महिन्यात टाकलं की नंबरच चुकवला, हे बघताक्षणी ओळखणारी प्रोग्रामर मला शोधून सापडत नाही. तू अर्धी तशी आहेसच.

कोर्सबद्दल एवढंच सांगते. ‘प्लेसमेंटची हमी’ असं लिहिलेलं असेल तर करारात तीन गोष्टी बघ: कुठली नोकरी ‘प्लेसमेंट’ धरतात, किमान पगार लिहिला आहे का, आणि नोकरी नाही लागली तर पैसे परत कधी व कोणत्या अटींवर. तोंडी उत्तर मिळालं तर तिथून उठून ये. अशा कर्जांचे हप्ते बऱ्याचदा कोर्स संपायच्या आतच सुरू होतात, आणि हप्त्यांच्या धाकात माणूस शिकत नाही, घोकतो. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या अभ्यासक्रमाला नाव आहे, पण तिथे साधारणपणे अभियांत्रिकी किंवा एमसीएसारखी पदवी मागतात. तुझ्यासाठी ते दार सध्या नाही, आणि त्यावाचून अडतही नाही.

अभ्यासाचं वेळापत्रक तुझ्या महिन्याकडे बघून ठरव. अकरा तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, चौदाला टू-बी तयार होतं, वीसला थ्री-बी हे कर भरायचं रिटर्न. अकरा ते वीस या दिवसांत रात्री आठला घरी पोचलेल्या बाईने पुन्हा लॅपटॉप उघडावा, असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत फक्त एक वही जवळ ठेव आणि ऑफिसात जे काम हाताने पुन्हा पुन्हा करावं लागतं ते त्यात टिपून ठेव. एकवीस तारखेपासून पुढच्या दहा तारखेपर्यंत रोज तासभर बस. जुलै ते ऑक्टोबर रिटर्न आणि ऑडिटचा हंगाम असतो, तेव्हा वेग मंदावेल. तो मंदावणारच हे आधीच धरून चाल, म्हणजे ‘माझ्याकडून होत नाही’ असं मनात येणार नाही. सहा महिन्यांत नोकरी, हा हिशोब तुझ्यासाठी खरा नाही. दीड ते दोन वर्षं धर.

भाषा पायथन घे. गिडो व्हॅन रॉसम या डच माणसाने १९९१ मध्ये ती लोकांसमोर आणली. ती वाचायला सोपी आहे, फुकट आहे, आणि तुझ्या कामाच्या एक्सेल आणि जेसन (पोर्टलवरून मिळणारी मजकूर-फाइल) या दोन्ही प्रकारच्या फाइली ती सहज उघडते. शिकण्यासाठी एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या वेबसाइटवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथनचा अभ्यासक्रम आहे, तोही फुकट. सुरुवातीचे धडे बघ, पण सगळा संपवल्याशिवाय स्वतःचं काही लिहायचंच नाही असं करू नकोस. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. रिकाम्या फाइलसमोर बसल्यावर किती समजलं ते कळतं. इंग्रजीची धास्ती तू लिहिलीस. कोडमधले मुख्य शब्द मोजकेच आहेत, आणि आपल्या कोडशेजारी टिपा मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. देवनागरीत लिहिलेली टीप पायथनला चालते.

पहिला प्रोग्राम कुठला, ते मी ठरवून देते: जीएसटी नंबर तपासणारा.

तू हे नंबर रोज टाइप करतेस. पंधरा अक्षरं. पहिले दोन अंक राज्याचे, आपल्याकडे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. मग त्या पॅनवर राज्यातली कितवी नोंदणी ते, मग बहुतेक वेळा झेड, आणि शेवटचं एक अक्षर. ते शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने निघतं, आणि ते गणित तुला वहीवर करता येईल. अंकांची किंमत तेवढीच धरायची. ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं करत झेड म्हणजे ३५. डावीकडून आळीपाळीने १ आणि २ ने गुणायचं. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज करायची. चौदा बेरजांची एकूण बेरीज घ्यायची, तिला ३६ ने भागून येणारी बाकी ३६ मधून वजा करायची. जी किंमत उरते त्या किमतीचं अक्षर पंधराव्या जागी असलं पाहिजे. बाकी शून्य आली तर तिथे शून्य हवं. क्रेडिट कार्डाचे नंबर तपासायला हान्स पीटर लुन या आयबीएमच्या अभियंत्याची पद्धत वापरतात, तिचंच हे ३६ चिन्हांपर्यंत वाढवलेलं रूप.

आधी हे हाताने, तुमच्या ऑफिसच्या स्वतःच्या नंबरावर करून बघ. मग पायथनमध्ये लिही. एवढ्या छोट्या कामात स्ट्रिंग, लूप, अट, डिक्शनरी आणि फंक्शन या पाचही गोष्टी येतात, आणि प्रत्येक कशाला लागते हे तुला ठाऊक असतं. चालू लागल्यावर मुद्दाम एक अक्षर बदलून बघ. एका अक्षराची कुठलीही चूक हा हिशोब पकडतोच. शेजारची दोन अक्षरं उलटसुलट झाली तरी पकडतो, फक्त शून्य आणि झेड शेजारी असून त्यांचीच अदलाबदल झाली तर सुटतं. असं का, ते कागदावर स्वतः शोध. ज्या संध्याकाळी हे तुझं तुला उलगडेल, त्या संध्याकाळी आपल्याला हे जमतं की नाही हा प्रश्न तू मला विचारणार नाहीस.

दुसरा प्रोग्राम खरा मोठा: टॅलीतून काढलेलं खरेदी रजिस्टर आणि पोर्टलवरून उतरवलेलं टू-बी यांचं मॅचिंग. यावर महिनोन् महिने घालव. शिकवणीत जे सहसा येत नाही ते सगळं इथे भेटतं. पार्टी बिलाला ‘००७’ म्हणते, एक्सेल त्याला आकडा समजून ‘७’ करतं. त्याच बिल नंबरात एकीकडे तिरपी रेघ, दुसरीकडे आडवी. ०१/०२ ही तारीख तू एक फेब्रुवारी वाचतेस, पण पांडाज ही पायथनची लायब्ररी, वेगळं सांगितलं नाही तर, महिना आधी धरते आणि दोन जानेवारी वाचते. एररही येत नाही, निकाल मुकाट्याने चुकतो. म्हणून बिल नंबर मजकूर म्हणूनच वाच, तारखेचा क्रम स्पष्ट सांग, आणि जुळवण्याआधी दोन्हीकडचे नंबर एकाच साच्यात आण.

मग पैसे. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचार. उत्तर येतं ०.३०००…०४, म्हणजे ०.३ पेक्षा किंचित जास्त. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतो आणि त्यात ०.१ तंतोतंत बसत नाही. रुपयांचा हिशोब करताना सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेव, किंवा डेसिमल नावाची सोय वापर. त्याहून महत्त्वाचं राउंडिंगचं. सीजीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतं की पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा. पायथनचं राउंड फंक्शन मात्र अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार, कारण बरोबर मध्ये पडलेला आकडा ते जवळच्या सम अंकाकडे नेतं. कलम १७० ज्याला माहीत नाही, तो प्रोग्रामर कितीही हुशार असो, त्याला इथे काही चुकतंय हेच दिसणार नाही. तुला दिसेल. तुझी वर्षं वाया गेली नाहीत असं मी म्हणते ते यासाठी.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. क्लायंटचा डेटा ऑफिसबाहेर न्यायचा नाही. ना घरच्या लॅपटॉपवर, ना गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर, ना चॅटजीपीटीच्या खिडकीत. सरावासाठी खोट्या पार्ट्या, खोटी बिलं, खोटे नंबर तयार करणारा छोटा प्रोग्राम लिही. शेवटचं अक्षर काढायचं गणित तुझ्याकडे असेलच. ऑफिसात खरोखर वापरायची वेळ आली तर साहेबांना विचारून, त्यांच्याच संगणकावर.

एरर आली की बऱ्याच जणी घाबरून खिडकी बंद करतात. तू सगळ्यात खालची ओळ आधी वाच. काय बिघडलं ते तिथे असतं, आणि कुठल्या ओळीवर ते तिच्या वर. ‘कीएरर’ आली म्हणजे तू मागितलेला स्तंभ त्या नावाने तिथे नाही. बहुतेकदा शीर्षकात एखादी जास्तीची स्पेस निघते. प्रत्येक एरर आणि तिचं कारण वहीत एका ओळीत टिप.

चॅटजीपीटी वापरू का, असं तू विचारलंस. पहिले काही महिने त्याच्याकडून कोड लिहून घेऊ नकोस. आधी स्वतः लिही, अडलं तर एरर स्वतः वाच, तरीही सुटलं नाही तर ‘ही ओळ काय करते, समजावून सांग’ असं विचार. मग ती खिडकी बंद करून तेच पुन्हा आपल्या हाताने लिही. पुढे नोकरीत तू ही साधनं वापरशीलच, आम्हीही वापरतो. पण त्यांनी लिहिलेल्यात अडीचचे दोन झालेत की तीन, हे तपासणारं माणूस लागतं. तेवढी नजर आधी तयार होऊ दे.

मॅचिंगचा प्रोग्राम चालू लागला की एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या डेटातून हवं ते काढायची भाषा, शीक. सत्तरीच्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा आजही हिशोबाच्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे, आणि तुझ्यासारखीला ती लवकर येईल. कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट शीक, रोज वापर. वेबपेज बनवण्यापुरतं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट नंतर.

आता नोकरी. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांच्या बायोडेटावर तेच ते प्रोजेक्ट असतात: कामांची यादी, हवामान दाखवणारं पान, एखाद्या प्रसिद्ध वेबसाइटची नक्कल. मी विचारते, ‘हे कोण वापरतं?’ तिथे बोलणं अडतं. तू सांगू शकशील की ऑफिसात हे काम आधी कसं चालायचं आणि आता कसं चालतं, कुठलं बिल जुळत नव्हतं आणि का. मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस भरतीच्या मागे लागू नकोस, तिथे पदवीच्या अटीवरच अर्ज गळतो. जीएसटी, पेरोल, ईआरपी, बिलिंग यांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या-मध्यम कंपन्या बघ. पुणे, मुंबई, बंगळूरुबरोबर कोल्हापुरातही शोध. पहिलं पद डेव्हलपरचं नसेलही. इम्प्लिमेंटेशन, सपोर्ट, टेस्टिंग असं काही मिळालं आणि कोडजवळ बसायला मिळणार असेल तर घे. फक्त मुलाखतीत स्पष्ट विचार की सपोर्टमधून डेव्हलपमेंटमध्ये यापूर्वी कोणी गेलं आहे का. सुरुवातीचा पगार आत्ताच्याइतकाच किंवा थोडा कमीही असू शकतो. म्हणून आत्तापासून चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकत जा, आणि घरी हे सगळं मोकळेपणाने सांग. आईशी मी बोलू का? तू म्हणालीस तर या रविवारी फोन करते.

या महिन्यात वीस तारखेपर्यंत काहीच करू नकोस, कामात असशील. एकवीसला पायथन टाकून घे. जीएसटी नंबर तपासणारा प्रोग्राम अर्धवट असला, चुकीचा असला तरी महिनाअखेरीला मला पाठव. सोबत त्या वहीच्या पानांचे फोटोही. ऑफिसात काय काय हाताने करावं लागतं ते मला बघायचं आहे, तिसरा प्रोग्राम आपण त्यातूनच निवडू.

तुझी,
मावशी